हारलनने धाडायचा कागद

सैनिकाचे नाव

हारलन रकर. गुरुवारी सकाळी ट्रकमध्ये सामान चढवता चढवता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची आताची बायको टॅमी, तिनेच नोरीनला फोन केला.

त्याच्याशी नाते

बावीस वर्षं बायको. गेली दीड वर्षं कोणी नाही.

कोर्टाचा आदेश

"आदेशात स्पष्ट आहे," नोरीन पेन्शन कचेरीच्या खिडकीशी म्हणाली. "तो असेपर्यंत त्याच्या पेन्शनचा निम्मा वाटा. त्याच्यामागे विधवा पेन्शनही मलाच."

"तो असेपर्यंतचा वाटा बंद झाला, मॅडम. आणि विधवा पेन्शनसाठी घटस्फोटापासून वर्षाच्या आत आमच्याकडे अर्ज यावा लागतो. तुमचा किंवा त्यांचा. आलेला नाही. आता ती त्यांच्या सध्याच्या पत्नीची."

अर्ज कोणी भरायचा होता

परतताना गाडी नोरीनची छावणीतली जुनी मैत्रीण बेटिना चालवत होती. एका सैनिकाचा हात धरून ती जर्मनीहून टेक्ससला आलेली. त्याला सोडल्यालाही जमाना झाला.

"त्याच्या चौदा बदल्यांचे कागद तू केलेस. तो युद्धावर असताना त्याच्या नावाने सह्या ठोकल्यास. आणि नेमका हाच कागद त्या धांदरटाकडे दिलास?"

"एकदा तरी त्याने माझं काम करावं, म्हणून. हो म्हणाला होता."

"लग्नालाही हो म्हणाला होता, बाई."

नोरीनने मांडीवरचे कोर्टाचे कागद पिशवीत कोंबले.

"वर्षभरात एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर भरवसा नाही असं झालं असतं."

"घटस्फोट झाला होता गं तुमचा."



सही

रविवारी टॅमी दारात आली. ट्रकच्या खणात सापडलेलं टपालाचं पाकीट तिच्या हातात होतं.

"तुमच्या पेन्शनचा अर्ज भरलाय. सही आहे, तिकीटही लावलंय. मी विचारून आले, पण आता मी म्हटलं तरी ही पेन्शन तुमच्या नावावर होत नाही."

"मग पाठवला का नाही त्याने?"

"एक रकाना राहिला होता. तुमचा स्वतःचा सरकारी ओळख नंबर. त्याला ठाऊक नसणार."

छावणीत दवाखाना असो, शाळा असो, दुकान असो, बायकांना नवऱ्याचाच नंबर विचारत. बायकोचा कुणाला लागतो?

"किती आहे तुमचा?" टॅमीने उगीचच विचारलं.

नोरीनच्या तोंडून नऊ आकडे न अडखळता बाहेर पडले. ते हारलनचे होते.