राजांच्या जेवणाची रीत

माझा धाकटा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला सगळे राजे म्हणतात. राजे चाकांच्या खुर्चीत बसतात, बोलत नाहीत, हातपाय त्यांचं ऐकत नाहीत. कान मात्र असे, की शेजारच्या घरात कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तरी मान वळते. आईबाबा गेल्यापासून ते माझ्याकडे असतात असं लोक म्हणतात. खरं तर मी त्यांच्याकडे असते. पुढच्या खोलीत माझं इस्त्रीचं दुकान आणि मधल्या दारात त्यांची खुर्ची. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांना हात करतं, मग मला कपडे देतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डावा लहानपणापासूनच नावाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन वीस मिनिटांचं आहे, पण नंतर पंधरा दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मला हसूच आलं. राजांचं वजन बासष्ट किलो, आणि दिवसातून आठ वेळा त्यांना उचलावं लागतं. मी ऑपरेशन पुढे ढकलत राहिले आणि अंदाजपंचे इस्त्री फिरवत राहिले.

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या शर्टावर मी इस्त्रीचा तिकोनी डाग उठवला. आता हे माझी हजेरी घेणार, म्हणून मीही बाह्या सरसावून तयार होते. पण ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला दिसत नाहीये."

त्यांच्याकडूनच मला विसावाघर कळलं. घरात अशा माणसाचं करणाऱ्याला चार दिवस उसंत मिळावी म्हणून तिथे त्या माणसाला ठेवून घेतात. सर तिथल्या समितीवर होते.

"आणि खर्च?" मी विचारलं.

"निम्मा सरकार देतं, निम्मा आमचा निधी. ज्यांना निधीतून दिवस मिळतात, त्यांनी मागाहून दिवसाला एक तास काम द्यायचं. जे येत असेल ते."

"मला कुणाची भीक नको."

"भीक कसली? रांग आहे ही. आता तुमचा नंबर आलाय, एवढंच."

मी त्यांच्याकडून अर्ज मागून घेतला.

एक अट होती. पोट रिकामं राहिलं की राजांना झटके येतात, म्हणून ओळीने चार जेवणं नाकारली तर त्यांना घरी न्यायचं. त्यात गैर काही नव्हतं. राजे तिथे अठरा दिवस राहणार होते आणि माझं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरलं होतं. राजे घरी परत आले तर ते रद्द, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता आणखी थांबलात तर दुकानाला कुलूप लावा.

कागदाला नाक टेकवून मी बावीस पानी वही लिहिली. कुठल्या कुशीवर झोप लागते, उशी किती जाड, कुठलं औषध कशात मिसळायचं, कुठल्या चादरीने अंगावर पुरळ येतं. अक्षर असं सुवाच्य, की जणू परीक्षेलाच बसले होते.

पहिल्या दिवशी राजांनी दुपारी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूधही ओठांवरून परत. तिथल्या सिस्टरचा फोन आला, आता एकच जेवण उरलंय म्हणून. मिळेल ती बस पकडून मी दुपारच्या जेवणाला तिथे पोचले आणि दाराआडून पाहिलं.

पंचविशीतली ती सिस्टर हातात वाटी घेऊन बसली होती. "घ्या ना दादा. एकच घास. शहाणे ना तुम्ही?" आवाज असा की मधही कमी गोड. आणि राजे ओठ मिटून भिंतीकडे बघत होते, अगदी मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखे.

राजे कशाची वाट बघताहेत ते मला तिथेच कळलं.

सिस्टर बाहेर आली. "ताई, तुमच्या वहीतलं एकूण एक करतेय. घरी जेवणाआधी आणखी काही करता का?"

"काही नाही," मी म्हटलं. मग आत पाहिलं. राजांची मान एका बाजूला कलली होती. माझ्या अब्रूपायी हा माणूस उपाशी बसला होता.

"मी ओरडते," मी म्हटलं. "रोज. वीस वर्षं. वहीत लिहायची लाज वाटली. लोक म्हणतील, बिचाऱ्या अपंग भावावर खेकसते."

ती दचकली नाही की तिने तोंड वाकडं केलं नाही. तिने वहीतली पेन्सिल काढली. "नेमकं काय म्हणता?"

मी कॉरिडॉरमध्ये करून दाखवलं. ती म्हणून बघायला लागली, "राजे, तोंड उघडा..."

"अगं, रजेचा अर्ज वाचतेस का? आवाज चढव!"

तिसऱ्या खेपेला ती अशी कडाडली की स्वयंपाकघरातून आचारी पळत आला. मी आत जायला निघाले, तर तिने मला अडवलं. "तुम्ही नाही. अजून सोळा दिवस मला भरवायचंय त्यांना."

ती आत गेली. "राजे! तोंड उघडा, नाहीतर मी खाते सगळं! मग बसा बोंबलत!"

राजांची मान गर्रकन वळली. मग खुर्चीसकट सगळं अंग हलवत ते हसले, आणि हसता हसता तोंड उघडलं. वाटी चाटूनपुसून संपली. वर आणखी अर्धी झाली. मी भिंतीला टेकून रडत होते आणि आचारी बिचारा माझ्यासाठी पाणी घेऊन उभा होता. त्या घरातल्या एकेकाचे पाय धरावेत असं वाटलं मला. इतक्या वर्षांत माझ्या भावाचं पोट भरलं म्हणून मी कुणाचे आभार मानले नव्हते, कारण ते भरणारं दुसरं कुणी नव्हतंच.

ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवस मी झोपले. नुसती झोपले.

राजांना आणायला गेले तेव्हा सिस्टरने वही परत दिली. बाहेरच्या बाकावर बसून मी नव्या डोळ्याने पहिलं काही वाचलं असेल तर ते तेविसावं पान, तिच्या हातचं. जेवणाआधी काय करायचं त्यापुढे लिहिलं होतं: 'राजे, तोंड उघडा, नाहीतर मी खाते सगळं.' मोठ्या आवाजात. प्रेमाने.

"हा शेवटचा शब्द मी सांगितला नव्हता," मी म्हटलं.

"सांगितला नव्हतात," ती म्हणाली. "पण तुम्ही करून दाखवलंत ना, तेव्हा मी ऐकला."

मी वही पिशवीत घातली आणि म्हटलं, "तुमच्या इथल्या चादरींना इस्त्री कोण करतं? चोळामोळा झालाय नुसता. सोमवारी येते मी. अठरा तास द्यायचेत मला, आणि मोजायला बसणार नाहीये."

खुर्चीतून राजे माझ्याकडे टक लावून बघत होते.

"काय बघता? चला आता घरी!" मी खेकसले.

राजे हसले. त्यांच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक बारीक फट आहे. दोन वर्षांनी मला ती दिसली.