माझे अर्धेच वाक्य वाचले गेले

मित्रांनो, कोर्टाच्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात पाठ उसवलेला एक जाडजूड ग्रंथ दिसतो ना, तोच मी. धंदा बुडाला की कोणाला काय मिळावे, हे माझ्यात छापले आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरे होती. वकील मंडळी हात पुसून मला उघडत. पुढे लोक संगणकावर कायदा शोधू लागले आणि माझ्यावर चहाचे कप टेकू लागले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. संताप झाला तो बटणांच्या कारखान्याच्या खटल्यात.

तो कारखाना बुडाला तेव्हा तिथल्या बायकांचे पगार थकले होते. रंगखात्यातल्या ताई त्यांच्या पुढारी. थकलेले पैसे हाती आले की सगळ्यांनी मिळून लिलावात यंत्रे घ्यायची आणि कारखाना आपणच चालवायचा, असे त्यांनी ठरवले होते.

कारखान्याच्या वकीलसाहेबांनी उरलेल्या मालाच्या विक्रीचे, येण्यांच्या वसुलीचे काम केले. त्याची फी सगळ्यांच्या आधी द्यावी, असे मीच सांगतो. ते योग्यच आहे, नाहीतर बुडत्या धंद्याचे काम कोण हाती घेईल? पण साहेबांनी फी अवाच्या सवा लावली. बायकांनी हरकत घेतली. साहेब आपल्या फीसाठी भांडले, बरीचशी मिळवलीही, आणि मग त्या भांडणाचीसुद्धा फी कारखान्याच्या शिलकीतून मागू लागले!

ताई आपल्या वकीलबाईंबरोबर वाचनालयात आल्या.

"बाई, आमच्याशी भांडायचा खर्च आमच्याच पैशांतून?" त्यांनी विचारले.

बाईंनी मला उघडून त्यांच्यापुढे ठेवले. माझे वाक्य साधे आहे: 'धंद्यासाठी केलेल्या कामाबद्दल वकिलाला वाजवी फी मिळावी.'

सुनावणीत साहेबांनी मला हातात घेतले. वाक्याच्या सुरुवातीवर अंगठा ठेवला आणि पुढचे तेवढे खणखणीत आवाजात वाचले. 'वाजवी' या शब्दावर तर ते तासभर बोलले. बाईंनी पूर्ण वाक्य वाचून दाखवले, तरी न्यायाधीशांनी मान डोलावली ती साहेबांच्या बाजूने. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

बाई मला घेऊन वरच्या कोर्टात गेल्या. तिथला निकाल लागेपर्यंत पैशांचे वाटप थांबले. कारखान्याच्या गाळ्याचे भाडे चढत गेले, म्हणून यंत्रे विकायचा हुकूम निघाला. बायकांच्या हाती दमडी नव्हती. यंत्रे भंगारवाल्याने उचलली.

त्यानंतर निकाल लागला. वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी मला शांतपणे वाचले आणि त्या म्हणाल्या, "आपल्या फीसाठी भांडणे हे वकिलाचे स्वतःचे काम. ते धंद्यासाठी केलेले नाही. त्याचा खर्च त्यांनीच सोसावा."

मला परत ठेवायला बाई आल्या, तेव्हा ताईही सोबत होत्या. बाईंनी त्यांचे अभिनंदन केले.

"जिंकलो खरे," ताई म्हणाल्या, "पण आता काम कशावर करायचं, तेवढं सांगा."

बाईंनी मला पुन्हा उघडले. माझ्या इतक्या पानांत ते कुठेच छापलेले नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर मला मखमलीत गुंडाळू नका, कपाटाला कुलूपही घालू नका. ज्यांच्या घासाचा निकाल माझ्या वाक्यांवर लागतो, त्यांच्या हातात मला द्या.