आजीची डावी चप्पल

मलेशियातल्या सेरेंबानच्या नगर परिषदेत परवाना खात्याच्या तीन नंबरच्या खिडकीवर रिदुआन बसायचा. अर्जातली चूक त्याच्या नजरेतून कधी सुटली नाही. शिक्का तिरका पडला, सही रकान्याबाहेर गेली, की अर्ज परत. संध्याकाळी तीच नजर घेऊन तो घरी यायचा आणि बेलिम्बिंग स्टुडिओचे सिनेमे बघायला बसायचा.

बेलिम्बिंगने पंधरा वर्षांत सहा चित्रपट काढले होते. सगळे चितारलेले, कार्टूनचे, आणि लहानथोरांनी मिळून बघावेत असे. इतर लोक ते बघून आपले डोळे पुसत, मुलांची नाकं पुसत आणि घरी जात. रिदुआन मात्र थांबवून थांबवून बघायचा. त्याची बारा वर्षांची मुलगी इझाती, तिने बेलिम्बिंगचा एकही सिनेमा सलग पाहिलेला नव्हता.

"आबा, पुढे न्या ना."

"थांब. मागचं माडाचं झाड बघ. मघाशी सात नारळ होते, आता सहा आहेत."

"पडला असेल एक."

"कुठे पडला? दाखव मला."

इझाती उसासा टाकून गृहपाठाला बसायची. मग दर शुक्रवारी रिदुआन इंटरनेटवरच्या आपल्या पानावर त्या नारळावर भाष्य लिहायचा. बेलिम्बिंगचे चाहते स्वतःला 'फोडी' म्हणवत, कारण बेलिम्बिंग म्हणजे कमरख, आणि ते फळ आडवं कापलं की चांदणीसारख्या फोडी पडतात. अशा चार हजार फोडी त्याचं लिखाण वाचत, आणि त्यांच्यात रिदुआन म्हणेल ते अखेरचं. हा मान त्याला मिळाला तो एका चपलेमुळे.

'नदीपारची आजी' या सिनेमात एक आजी हरवलेली शेळी शोधायला नातीला घेऊन होडीतून निघते. एकेचाळिसाव्या मिनिटाला ती होडीत उभी राहते, तेव्हा तिच्या डाव्या पायात चप्पल नसते. अकरा सेकंदांनी चप्पल पुन्हा पायात. एवढ्यावर रिदुआनने नऊ भाग लिहिले. त्याचं म्हणणं असं, की त्या अकरा सेकंदांत आजी वारते. डावा पाय पलीकडच्या जगात पडतो, उजवा इकडेच अडतो, आणि नात एकटी राहील म्हणून ती माघारी येते. नववा भाग वाचून कुचिंगच्या एका शिक्षिकेने आपल्या आजीला तीन वर्षांनी फोन केला म्हणे.

"होडीत चढताना काढली असेल चप्पल," त्याची बायको नोरलैला स्वयंपाकघरातून म्हणाली होती.

"एकच?"

"म्हाताऱ्या माणसाचं काय सांगता येतं?"

यावर रिदुआनने सिनेमा पुन्हा एकेचाळिसाव्या मिनिटावर नेला होता.

स्टुडिओला पंधरा वर्षं झाली त्या साली त्याला सायबरजायाहून, स्टुडिओच्या कचेरीतून, निमंत्रण आलं. निष्ठावंत चाहत्याने सहकुटुंब यावं, स्टुडिओ बघावा. रिदुआनने ते पत्र छापून घेतलं, वर प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि ऑफिसात खिडकीच्या काचेला आतून लावलं. नोरलैलाच्या मावसबहिणीचं लग्न त्याच दिवशी होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मला त्या शेळीचं काही पडलेलं नाही." मग तो ईदचा बाटिक सदरा घालून इझातीसोबत निघाला.

स्टुडिओ एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर निघाला. तीस-पस्तीस माणसं पडद्यांसमोर वाकून बसली होती, काही जण केळीच्या पानातला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, खात काम करत होते. प्रसिद्धी बघणारा शाहरिझाल दोन्ही हात पसरून पुढे आला. "साहेब! तुम्ही म्हणजे आमच्या घरचेच! कुणाला भेटायचंय, सांगा."

"होडीचा प्रसंग ज्यांनी काढला, त्यांना."

कोपऱ्यातल्या मेजावरून पन्नाशीची एक बाई उठून आली. तिलगवती तिचं नाव. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात करंजीसारख्या करीपफचा उरलेला तुकडा. रिदुआनने छातीवर हात ठेवून तिला अभिवादन केलं. मग नऊ वर्षं जपलेला प्रश्न विचारला.

"ताई, ती डावी चप्पल. ती जाते तेव्हा आजी वारलेली असते ना?"

"कुठली चप्पल?" तिलगवतीने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिला एकदम आठवलं आणि ती जोरात हसली. "अय्यो, ती! अहो, ती राहून गेली. दिवाळीचा आठवडा होता, मला घरी जाऊन मुरुक्कू तळायचे होते. चित्रात पायाचा थर चालू केला, चपलेचा बंदच राहिला. केवढा ओरडा बसला मला!"

"असं कसं राहून जाईल?"

"राहून जातं हो."

"पण बरोबर अकरा सेकंद?"

"पुढचा भाग दुसऱ्याने काढला. त्याला घरी जायची घाई नव्हती."

रिदुआनने तिच्याकडे दयेने पाहिलं. "ताई, राग मानू नका. पण तुम्ही काय करून ठेवलंय ते तुम्हालाच कळलेलं नाही."

"कळलेलं नाही?" तिलगवतीने उरलेला तुकडा तोंडात टाकला. "आठ दिवस आमचे मोठे साहेब माझ्याशी बोलले नाहीत. चांगलं कळलं."

इझाती तोंडावर हात ठेवून खुदखुदत होती. रिदुआनचे कान लाल झाले. परवाना खात्यात माणसं चूक लपवायला लाख कारणं सांगत. इथे ही बाई एवढी मोठी गोष्ट हातात असताना तिला चूक म्हणून मोकळी होत होती.

शाहरिझालने मात्र त्याला बाजूला घेतलं. त्याचे डोळे चमकत होते.

"साहेब, तिचं मनावर घेऊ नका, आणि बाहेर बोलूही नका. तुमचे नऊ भाग वरपर्यंत वाचले गेलेत. आम्ही पुढचा सिनेमा चपलेवरच काढतोय! तुम्ही आमचे मानद सल्लागार. पडद्यावर नाव येईल. एवढी एक सही करा."

ज्या माणसाने हयातभर लोकांना 'मागची बाजू वाचलीत का?' म्हणून विचारलं, त्याने तो कागद उलटूनही पाहिला नाही. मागच्या बाजूला लिहिलं होतं की सल्लागाराने दोन वर्षं आपल्या नावाने स्टुडिओच्या कामाबद्दल वावगा शब्द लिहू नये. परतीच्या वाटेवर इझातीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"वावगं लिहायची वेळच येणार नाही," रिदुआन म्हणाला.

चार महिन्यांनी नव्या सिनेमाची कथा वाचायला आली. चपलेला डोळे होते. पापण्याही होत्या. ती गात होती. रिदुआनने घाबऱ्याघाबऱ्या फोन लावला.

"चप्पल गाते?"

"तीन गाणी आहेत, साहेब."

"आणि आजीचं मरण?"

"सुट्टीत लागणारा सिनेमा, साहेब. मरण कसं चालेल? चप्पल नदीत सहलीला गेली होती, असं दाखवलंय. शेवटी उजवीशी तिचं लग्न होतं."

"त्या दोघी बहिणी आहेत!"

"हा मुद्दा चांगला आहे," शाहरिझाल म्हणाला. "टिपून ठेवतो."

चपलांचं लग्न सिनेमात तसंच ठेवलं गेलं. पहिल्या खेळाला रिदुआन मधल्या रांगेत बसला होता. पोरं चपलेबरोबर टाळ्या वाजवत होती. शेवटी पडद्यावर त्याचं नाव दोन सेकंद दिसलं, तेही 'रिदवान' असं. फोडींनी मग त्याला सोलून काढलं. कुचिंगच्या त्या शिक्षिकेने 'चप्पल कुणी विकली?' या मथळ्याचे सात भाग लिहिले आणि आजीला पुन्हा फोन करणं बंद केल्याचं जाहीर केलं. रिदुआनला बोलायची सोय नव्हती. ऑफिसातली पोरं त्याच्या खिडकीशी आली की मुद्दाम चपला वाजवत.

आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. मग एका शनिवारी नोरलैला भात वाढता वाढता म्हणाली, "आपल्या नावाने लिहायचं नाही, एवढंच ना त्या कागदात?"

अशी अलोर सेतारची सावदाबाई इंटरनेटवर जन्माला आली. वय बासष्ट, विधवा, पाच नातवंडं. सावदाबाईंनी पहिल्याच लेखात चपलेच्या पापण्यांपासून उजवीच्या मंगलवेशापर्यंत सगळ्याची सालटी काढली. दुसऱ्या लेखात त्यांनी रिदुआनला हात घातला. 'मानाच्या टोपीखाली अक्कल झाकणारा कारकून' असं त्याला म्हटलं. हे लिहिताना रिदुआनला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तो दोन वेळा जेवला.

"स्वतःला एवढं कशाला बोलायचं?" नोरलैलाने विचारलं.

"सावदाबाई कुणाची भीड ठेवत नाहीत."

सहा महिन्यांत सावदाबाईंना अकरा हजार वाचक मिळाले. शिक्षिकेने लिहिलं, की इतक्या वर्षांनी बेलिम्बिंग कळलेलं माणूस भेटलं, तो सेरेंबानचा ढोंगी कुठे आणि या कुठे. तो अभिप्राय रिदुआनने चार वेळा वाचला. खूश व्हावं की चिडावं, हे त्याचं शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि एके दिवशी सावदाबाईंच्या नावाने सायबरजायाहून पत्र आलं. नव्या सिनेमाची दहा मिनिटं दाखवायची आहेत, जरूर यावं.

रिदुआनचं धाबं दणाणलं. "नाही म्हणून कळवतो. बाईंचे गुडघे दुखतात."

"मी जाते," नोरलैला म्हणाली. "मला तिथे कुणी पाहिलेलं नाही."

"तुला एकही सिनेमा धड माहीत नाही!"

"पंधरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय. तुम्ही सतत मागे नेता. एकेक वाक्य वीस वेळा कानावर पडलंय माझ्या."

ती जाड काचांचा चष्मा लावून गेली आणि संध्याकाळी मँगोस्टीनची पिशवी घेऊन परतली. रिदुआन फाटकातच उभा होता.

"ओळखलं नाही ना?"

"मीच सांगितलं. तो शाहरिझाल माझे गुडघे विचारायला लागला, मला हसू आवरेना. म्हटलं, बायको आहे मी त्यांची."

"नोर!"

"त्यांना पहिल्या लेखापासूनच माहीत होतं. म्हणाला, आजीच्या सदऱ्याची बटणं मोजणारा दुसरा माणूस या देशात नाही. चालू ठेवा म्हणाला. तुम्ही शिव्या घातल्या की लोक खात्री करायला तिकीट काढतात."

रिदुआन पायरीवर बसला. "त्यांना राग नाही आला?"

"अजिबात नाही."

"थोडासुद्धा?"

"चहा पाजला मला." नोरलैला त्याच्या शेजारी बसून मँगोस्टीन सोलू लागली. "तिलगवती भेटली. छान आहे हो बाई. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तुमचं सगळं लिखाण ती आईला वाचून दाखवते, नऊ भागसुद्धा. म्हातारी पोट धरधरून हसते म्हणे."

"त्यात विनोदी काही नाही," रिदुआन म्हणाला.

नोरलैलाने एक पांढरी पाकळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली.

"नक्की कुठल्या जागी हसते," त्याने विचारलं, "ते सांगितलं का?"