नुसते ओठ हलव

मी नलू. आता सांगायला हरकत नाही, कारण कमलाकांतराव जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि ती ढालही कुणाच्या तरी माळ्यावर पडली असेल. पण एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. ओठ हलवायची युक्ती माझीच होती. नाहीतर पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागले की तुम्ही म्हणाल, ही बया स्वतःचं तेवढं बरं झाकते.

साल अठ्ठावन्न. गिरगावात आमच्या वाडीत 'सुस्वर तरुण वृंद' होता. अध्यक्ष कमलाकांतराव विजयकर. वाडी त्यांच्या पणजोबांची, त्यामुळे अध्यक्ष दुसरं कोण होणार? संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी स्वतः एक गीत रचलं होतं, 'जागा हो रे महाराष्ट्रा, जागा हो जरा'. त्यातल्या 'जरा'वर त्यांचा फार जीव. घरंदाज माणूस कुणालाही उठवताना 'जरा' म्हणतोच, असं ते सांगत. चाल होती गुरुदत्तमास्तरांची, आणि मास्तर म्हणजे मऊपणाचा अर्क. तालमीच्या खोलीला लागून एक बिऱ्हाड होतं, तिथे लहानगं मूल होतं. मास्तर आम्हाला म्हणायचे, "समूहगान असं हवं की शेजारचं मूल उठता कामा नये." म्हणजे महाराष्ट्राला जागं करायचं आणि मुलाला निजू द्यायचं. दोन वर्षं आम्ही इमानेइतबारे तसंच गात होतो. दोघंही गाढ झोपलेले.

अशात परळहून निमंत्रण आलं. गिरणीभागातल्या मंडळांनी मिळून मैदानात तरुणांच्या समूहगानाचा महोत्सव भरवला होता. पहिल्या येणाऱ्या वृंदाला ढाल होती. अट एकच, वृंदात निदान तीस जण हवेत. आम्ही बरोब्बर तीस होतो, पण त्याच आठवड्यात शकूचं लग्न ठरलं. ठाकुरद्वारच्या होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला, आमची सून लॉरीत उभी राहून परळला जाणार नाही. आली का पंचाईत! एकोणतीस उरलो.

तेव्हा मीच मालनला घेऊन आले. मालन मूळची लालबागची. वडील नव्हते, आई शांताबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. मालन शिवणक्लाससाठी आमच्या वाडीत मावशीकडे राहायची आणि दुपारी नळावर कपडे धुताना गायची. काय आवाज होता तो! तिसऱ्या मजल्यावरच्या बायका हातातलं काम टाकून कठड्याशी येत. मला वाटलं, मास्तर खूश होतील.

मालननं पहिली ओळ म्हटली. शेजारचं मूल भोकाड पसरून रडायला लागलं. मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हा आवाज वृंदात बसायचा नाही," ते म्हणाले. "एकोणतीस मोगऱ्यांत एक सूर्यफूल."

"पण तीस डोकी तर भरायची आहेत ना?" मी म्हटलं. आणि मग, जीभ झडली असती तर बरं झालं असतं, पुढे बोलले, "ती नुसते ओठ हलवेल. कुणाला कळणार आहे?"

मास्तरांचा चेहरा खुलला. कमलाकांतरावांनी माझी पाठ थोपटली. मालन माझ्याकडे बघत राहिली. नंतर जिन्यात म्हणाली, "नलू, आईनं अख्ख्या चाळीला सांगितलंय. पोरगी गिरगावच्या मोठ्या लोकांबरोबर गाणार म्हणून. पुढच्या रांगांत जागा धरायला सांगितलीय तिनं."

"अगं, तिला काय समजणार? तीस जणांत एक आवाज वेगळा थोडाच ऐकू येतो?"

"माझा येतो," मालन म्हणाली. त्यात तोरा नव्हता. आपली उंची सांगावी तसं सांगितलं तिनं. तरी ती आली. नाही म्हणाली असती तर आईला काय सांगणार होती?

परळला जायचं म्हणजे कमलाकांतरावांच्या लेखी विलायतेचा प्रवास. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी भायखळ्याचा पूल कधी ओलांडला नव्हता. कमलाकांतरावांनी सूचनापत्रकच काढलं. पुलापलीकडे कुणीही एकट्यानं उतरू नये. पाणी गिरगावातूनच न्यावं. कापसाच्या धुळीपासून जपण्यासाठी गळ्याला मफलर बांधावा. मालननं ते पत्रक वाचलं आणि म्हणाली, "पुलापलीकडे माझं घर आहे."

रविवारी दुपारी भायखळ्याच्या भाजीबाजारातून ठरवलेली लॉरी वाडीत आली. आत कोबीची पानं तशीच पडलेली. दोन्ही बाजूंना 'सुस्वर तरुण वृंद, गिरगाव' असे भलेमोठे कापडी फलक बांधले. चढताना मास्तर प्रत्येकाच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवत होते, घसा जपण्यासाठी. मालननं हात पुढे केला, तर म्हणाले, "तुला कशाला? ओठांना ज्येष्ठमध लागत नाही." मला त्या क्षणी माझी कांडी तिला द्यावीशी वाटली. दिली मात्र नाही. चघळत बसले.

कमलाकांतराव आणि मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही मागे उभे. पुलापर्यंत सगळे शहाण्या बाळासारखे होते. पूल उतरलो आणि घोटाळा झाला. त्या दिवसांत तरुण पोरांनी भरलेली, फलक लावलेली लॉरी लालबागेत शिरली की तिचा अर्थ एकच. मोर्चा! फलक वाचत बसायला कुणाला वेळ आहे? पहिल्याच चाळीच्या गॅलरीतून एक म्हातारा ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र!"

आमचा मनमोहन पुढच्या रांगेतला मुख्य गायक. केसाला तेल, मफलर रेशमी, आणि घरात मोठ्यानं शिंकायचीही चोरी. त्याला कुणी उभ्या जन्मात अशी साद घातली नव्हती. त्यानं मफलर काढला, हवेत फिरवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "झालाच पाहिजे!"

झालं. प्रत्येक चाळीतून एक आरोळी, लॉरीतून एकोणतीस उत्तरं. मसाला कुटणाऱ्या बायका मुसळं थांबवून हात वर करत होत्या. इराण्याच्या हॉटेलातली माणसं बाहेर येऊन टाळ्या पिटत होती. दोन वर्षं मूल उठू नये म्हणून दाबलेले गळे ते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आम्हाला शूर समजत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार फार बरं वाटत होतं. मी इतकी ओरडले की डोळ्यांतून पाणी आलं. पुढे बसलेल्या कमलाकांतरावांना वाटलं, हा सगळा आवाज रस्त्यावरचा आहे. ते मास्तरांना म्हणाले म्हणे, "लालबागेत केवढी जागृती आहे बघा."

मालन तेवढी गप्प होती.

"अगं, तू ओरड ना," मी तिला म्हटलं. "तुझाच तर भाग हा."

"घसा बसेल," ती म्हणाली.

मी हसले. जिला गायचंच नाही तिला घशाची काय पडली आहे, असं मनात म्हटलं.

परळच्या मैदानात उतरलो तेव्हा मनमोहन मला काहीतरी सांगायला लागला, तर त्याच्या तोंडून नुसती हवा आली. मी 'काय?' म्हणायला गेले, तर माझंही तेच. शकूच्या जागी आलेली मालन सोडली तर एकोणतीसच्या एकोणतीस घसे बसले होते. मास्तरांना हे सांगायचं कुणी आणि कसं? सांगायलाही आवाज लागतो. शिवाय त्यांना वाटलं, पोरं शिस्तीत आहेत, म्हणून बोलत नाहीत. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि आम्हाला स्टेजवर चढवलं.

समोर मैदान खच्चून भरलेलं. तिसऱ्या रांगेत वाइंडिंगच्या बायका एका ओळीत, मधोमध शांताबाई. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, नजर मागच्या रांगेत मालनवर. परीक्षक बाजूच्या मांडवात चहा पीत होते. कमलाकांतरावांनी आधी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं आणि शेवटी म्हणाले, "आता जरा शांतपणे ऐका."

त्याची काही गरज नव्हती. मास्तरांचा हात खाली आला, पेटी वाजली, एकोणतीस तोंडं उघडली आणि कशातूनच काही बाहेर पडलं नाही. तिसावं तोंड सांगितल्याप्रमाणे नुसतं हलत होतं. मैदानात चुळबूळ झाली. कुणीतरी म्हणालं, माईक बंद आहे. माईकवाल्यानं येऊन 'हॅलो, हॅलो' केलं, तर ते पार रस्त्यापर्यंत गेलं. मास्तर पांढरेफटक पडले. पेटीवाल्यानं तीच ओळ पुन्हा धरली, पुन्हा शांतता.

मी मालनच्या शेजारी होते. माझ्या लक्षात आलं, हिचे ओठ गाण्याच्या लयीत हलत नाहीत. आणि खाली शांताबाईचेही हलताहेत. काय चाललं होतं ते मला नंतर समजलं, पण इथेच सांगते. खात्यात यंत्रांचा गलका इतका की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या बायका आवाजाशिवाय बोलतात, ओठांवरून ओळखतात. चाळीत आल्यावरही सवय जात नाही. मालन लहानपणापासून आईशी या गॅलरीतून त्या गॅलरीत अशीच बोलायची. ज्यांनी तिला नुसते ओठ हलवायला लावलं, त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं.

शांताबाईनं ओठांनी विचारलं, "गातस नाय कित्याक?"

मालननं ओठांनीच सांगितलं, "मास्तरांनी नको म्हटलंय. मला नुसतं उभं केलंय."

शांताबाई तिसऱ्या रांगेत ताठ बसली. शेजारच्या बायकांनीही ते वाचलंच की. बारा जणींचे चेहरे एकदम बदलले.

"आनि बाकीची?"

"घसे बसले."

शांताबाईनं क्षणभर मास्तरांकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिचा ओठ एकदाच हलला. "गा."

आणि मालन गायली. 'जागा हो रे महाराष्ट्रा' अशी तिनं जी हाक घातली, ती ऐकून कडेला उभे असलेले लोक आत सरकले. 'जरा' तिनं गाळून टाकलं. मास्तरांचा हात हवेत राहिला आणि मग, काय करणार बिचारे, तिच्यामागून चालू लागला. आम्ही एकोणतीस जण तोंडं उघडत आणि मिटत होतो. मालनच्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी मला स्वतःची अशी लाज वाटत होती की स्टेज दुभंगून आत जावं. मनमोहनचे ओठ तर, नंतर कळलं, गाण्याचे शब्दसुद्धा म्हणत नव्हते. तो 'मेलो, मेलो' म्हणत होता. तिसऱ्या रांगेनं तेही वाचलं आणि बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. शांताबाई हसत नव्हती. ती रडत होती, आणि डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.

ढाल आम्हालाच मिळाली. मुख्य परीक्षक म्हणाले, "तीस कंठ, पण वाटलं, एकच कंठ गातो आहे. असा एकजीवपणा आम्ही आजवर ऐकला नाही." कमलाकांतरावांनी ढाल छातीशी धरली आणि उत्तरादाखल सांगितलं की हे दोन वर्षांच्या साधनेचं फळ आहे.

लॉरी निघताना शांताबाई खाली उभी होती. तिचे ओठ हलले, मालन खुदकन हसली. मी खुणेनंच विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, तुमची पोरं ओठ छान हलवतात. खात्यात लागतील."

मला हसू आलं नाही. मी कठड्यावरून वाकले. आवाज नव्हताच, म्हणून ओठांनी म्हटलं, "चुकलं माझं. युक्ती माझी होती." तिला समजणार हे आता मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती ओठांनीच दोन शब्द बोलली.

"ती म्हणते, मोठ्यान सांग," मालननं सांगितलं.

घसा सुटायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी वाडीत सत्कार होता. ढालीला हार, कमलाकांतरावांच्या गळ्यात हार, आणि 'तीस कंठांची साधना' यावर त्यांचं भाषण. मालन कोपऱ्यात मावशीजवळ बसली होती, शांताबाई दारात उभी होती. मी उठले.

"तीस नव्हते," मी म्हटलं. "एकच होता, मालनचा. आम्ही सगळे नुसती तोंडं हलवत होतो. आणि तिला गप्प करायची युक्ती माझी होती."

कमलाकांतराव चष्मा पुसत म्हणाले, "नलूला अजून जरा ताप दिसतोय." माझ्या वडिलांनी मला हाताला धरून खाली बसवलं. दाराशी शांताबाईनं मान डोलावली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची गिरणीत सकाळची पाळी होती.

पुढच्या तालमीला मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नलू, तू मागच्याच रांगेत. आणि हे बघ, नुसते ओठ हलव." माणूस डरपोक होता, पण कान त्याला होते. मालनला त्यांनी पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं आणि स्वतःच्या हातानं ज्येष्ठमधाची कांडी दिली. पेटी वाजली, मालननं पहिली ओळ घेतली, आणि शेजारच्या बिऱ्हाडातलं मूल उठून रडायला लागलं. मास्तरांनी या वेळी कानांवर हात ठेवले नाहीत.