झाडं नसलेला नकाशा

२०१८ साली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही खेचरांवर बसून, आमच्या देशाच्या उत्तरेकडच्या पेतेनच्या रानात माझ्या नवऱ्याची कबर शोधायला गेलो. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते, एलिहिओ अठ्ठ्याहत्तरचा आणि रेनाता एकतीसची. शिवाय एक खेचरवाला होता, पण तो सगळा वेळ आपल्या जनावरांशीच बोलत असे.

माझा नवरा लेआंद्रो वारला तो १९६९ च्या ऑक्टोबरात. चुइंगमसाठी लागणारा रानचिकूचा चीक पावसातच वाहतो, म्हणून आमच्या तळ्याकाठच्या गावातले पुरुष पावसाळाभर रानात असत. एकच दोर झाडाला आणि कमरेला गुंडाळायचा, पायांना लोखंडी काटे बांधायचे आणि कोयत्यानं नागमोडी खाचा मारत वर चढायचं. त्या दिवशी कोयता दोरावर बसला आणि लेआंद्रो उंचावरून खाली आला. त्याचा जोडीदार एलिहिओ सहा आठवड्यांनी गावात परतला, तेव्हा मला आठवा महिना होता. मी दारातच विचारलं, "कुठं ठेवलंत त्याला? कोरड्या जागी ठेवलंत ना?"

"कोरड्या जागी, कासिमिरा. तीन माथ्यांची टेकडी आहे, तिथं अगदी वर. दगड रचले, क्रूस लावला. पाणी तिथं पोचायचं नाही."

या एवढ्या शब्दांवर मी अठ्ठेचाळीस वर्षं काढली. महिन्याभरानं ओतिलिया जन्मली, तेव्हा एलिहिओच तिचा धर्मपिता झाला. तेव्हापासून, पोरीमुळे जडलेल्या त्या नात्यानं, मी त्याला कोंपाद्रे आणि तो मला कोमाद्रे म्हणू लागला. रानात चल म्हटलं की तो म्हणे, वाटा बुजल्या. मग लढाईची वर्षं आली, रानात सैन्य शिरलं, आणि विचारायचीही सोय राहिली नाही.

माझ्या सासूचा एक नियम होता. मृतांच्या दिवशी, ज्यांची कबर गावात आहे त्यांचं ताट घरात, मेणबत्त्यांपाशी. रानात राहिलेल्याचं ताट बाहेर, आंबट संत्र्याच्या झाडाला टांगायचं. पोटच्या पोराचं ताटही तिनं बाहेरच टांगलं. ती गेल्यावर मीही टांगत राहिले. काळ्या मक्याची पेज आणि पानात उकडलेले उंडे, आणि सकाळपर्यंत त्याला मुंग्या. मरायच्या आत त्याला गावच्या मातीत आणायचं आणि ते ताट एकदा तरी घरात मांडायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग रेनाता आली. राजधानीतून आलेली, रानाखाली गाडलेली जुनी शहरं शोधणारी मुलगी. विमानातून लेसरचे किरण सोडून त्यांनी सगळं रान मोजलं होतं. शाळेच्या भिंतीवर तिनं चित्र दाखवलं, आणि त्यात रान नव्हतंच. नुसती उघडी जमीन. तिच्यावर चौथरे, बांध, रस्ते, पायऱ्या पायऱ्यांच्या टेकड्या, कोणी पीठ चाळून ठेवावं तशा स्वच्छ.

एलिहिओ काठी टेकत भिंतीजवळ गेला. "झाडं कुठं गेली?"

"झाडं काढून टाकलीत, डॉन एलिहिओ. संगणकावर," रेनाता म्हणाली.

"अगं, रंगरुटाचं डोकं भादरावं तसं भादरलंय की हे! मी रान झाडांवरून ओळखतो. हे काय ओळखू?"

सगळे हसले. मी उभी राहिले. "पोरी, यात तीन माथ्यांची टेकडी दिसते का?"

"दोन्या कासिमिरा," ती मानानं म्हणाली, "तशा चाळीसएक आहेत."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती टेकडी एकच आहे.

पण रेनाता चिवट होती. चीक न्यायला विमान उतरायचं ती धावपट्टी कुठली, मुक्कामाचं पाणी कुठलं, असं ती एलिहिओला चार दिवस विचारत राहिली. शेवटी, धावपट्टीपासून दिवसभराच्या वाटेवर, शेजारी दगडी बांधाचं तळं असलेली एकच टेकडी उरली. तिनं बोट ठेवलं. एलिहिओ चित्राकडे बघेना.

"कोमाद्रे, हाडं तरी राहिली असतील का आता?"

"दात राहतात."

"गुडघे बघ आपले. खेचरावरून पडलीस तर तुझ्यासाठीच कबर खणावी लागेल."

"मग खणा. तुम्हाला सवय आहे."

त्याचं तोंड एवढं का उतरलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. तळं आटलेलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनाट रानचिकू होता आणि त्याच्या सालीवर खाचा होत्या. खाचा बऱ्या होतात, पण पुसल्या जात नाहीत. बाकीच्या झाडांवर पहिला घाव उजवीकडून होता, या झाडावर डावीकडून. लेआंद्रो डावखुरा होता. खाचा वर वर चढत गेल्या होत्या, आणि पहिल्या फांदीच्या खूप खाली एकदम थांबल्या होत्या. त्याच्या वर साल कोरी. मी झाडाला गाल लावून किती वेळ उभी होते, ठाऊक नाही.

मग रेनातानं हात धरून मला टेकडीवर नेलं. माथा फोडलेला होता. जुनी मडकी आणि जेडचे हिरवे दगड चोरणाऱ्यांनी कधीतरी आरपार चर खणला होता. आत वटवाघळं, आणि दगडांच्या ढिगावर शेवाळ. मी त्या ढिगात हातांनी उकरू लागले. रेनाता रडत रडत म्हणत होती, "नका, दोन्या, नखं तुटतील."

खालून एलिहिओ ओरडला, "तिथं शोधू नकोस! तो तिथं नाही."

तो वर चढू शकला नव्हता. मीच खाली उतरले.

"आम्ही त्याला वर नेलंच नाही, कासिमिरा." कोमाद्रे म्हणाला नाही. "आमच्याकडे फावडं नव्हतं. मुकादम म्हणाला, पाऊस आहे तोवर चीक आहे, अर्ध्या तासात उरका. इथं जमिनीत जुन्या लोकांची, धान्याच्या पेवासारखी एक पोकळी होती. तिच्यात ठेवलं. तिच्या तोंडावर पाल्याच्या फांद्या, वर चिखल. क्रूससुद्धा नाही."

"आणि माथा? दगड?"

"तू पोटावर हात ठेवून उभी होतीस. कोरडी जागा विचारलीस. दुसरं काय सांगू?"

"तेव्हा नाही. पण नंतर? अठ्ठेचाळीस वर्षं?"

"दर वर्षी अवघड होत गेलं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही त्या पेवाचं तोंड शोधलं. एलिहिओ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत कोयत्याच्या मुठीनं जमीन ठोकत होता आणि पोकळ आवाज ऐकायला कान लावत होता. रेनातानं लेसरचं चित्र उलटसुलट पाहिलं. एवढं लहान तोंड, तेही बुजलेलं, त्यात उमटत नाही, असं ती म्हणाली. हजार वर्षांपूर्वीच्या राजाची पायरी दिसते, आणि माझा नवरा दिसत नाही. पाणी संपत आलं, तसा खेचरवाला जिनं कसू लागला.

परतीच्या वाटेवर मी एलिहिओशी बोलले नाही. त्यानं रात्री माझं अंथरूण घातलं, सकाळी काढलं.

एलिहिओ पुढच्या फेब्रुवारीत वारला. ओतिलियानं त्याच्या पायाशी बसून सगळा जप म्हटला. मी मयताला गेले नाही आणि आता त्याचं वाईट वाटतं. रेनाता लग्न करून स्पेनला गेली. तिथून ती कधीमधी ओतिलियाच्या फोनवर मुलाचे फोटो पाठवते. तिनं नकाशावर टेकडीच्या पायथ्याशी एक बारीक क्रूस काढला होता, पण नकाशा छापून आला तेव्हा तो वगळलेला होता. जुन्या काळचं नसलेलं काही त्यात घालत नाहीत म्हणे. खेचरवाल्यानं खेचरं विकून मोटरसायकल घेतली. त्या टेकडीला आता क्रमांक आहे आणि तिथं एक पहारेकरी राहतो. माझं गुडघ्याचं दुखणं वाढलं, आता घरातल्या घरातच फिरते. संत्र्याला ताट टांगायला ओतिलिया जाते. लेआंद्रो तिथं रानातच आहे, त्याच्या खाचांच्या रानचिकूपासून फार तर शंभर पावलांच्या आत.