लानआजीचं ताट, सालोमीची सुकेळी

मी बांबूचं ताट. गोल, पसरट, सुपाहून मोठं. आज मुंबईजवळच्या भुईगावच्या एका पडवीतून बोलतंय, पण माझा जन्म इथला नव्हे. चीनच्या डोंगरातल्या एका खेड्यात लानआजीने मला विणलं.

तिच्या डोंगरात एक केशरी, गोड फळ पिकतं. ते सोलून ती ताटावर मांडायची, उन्हात वाळवायची आणि रोज बोटांनी हलकेच दाबायची, म्हणजे आतून मऊ राहतं. विणताना काठाला एक पात ती हिरव्या सालीसकट घालायची. ही तिची खूण. मला तिचा भारी तोरा होता.

मग कष्टकऱ्यांना न्याय देतो म्हणणारी एक कंपनी गावात आली. आजीचा हसरा फोटो निघाला, कार्डावर छापला गेला. मला पेटीत घातलं, तर शेजारी यंत्रावर कापलेली, डिंकाने चिकटवलेली ताटं! आणि प्रत्येकाला आजीचंच कार्ड. आजीचे हात दोन, ताटं ढीगभर. पण हिशेब कोण करतो? माणसं फोटो बघतात आणि विरघळतात.

मुंबईच्या प्रदर्शनातून लविनाने मला उचललं आणि भुईगावला आपल्या मावशीला, सालोमीला आणून दिलं. सालोमी सुकेळी करते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की केळीच्या सुक्या पानात बांधायची.

"चीनवरनं सूप आनलंस गो?" सालोमी हसली. मग काठावरून हात फिरवला आणि त्या हिरव्या पातीवर तिचं बोट थांबलं. "कुनीतरी जीव लावून इनलंय."

तो हंगाम माझ्या सुखाचा. दिवसभर ऊन खायचं, दव पडायच्या आत घरात यायचं. सालोमीला एकच घोर होता, आपल्यामागे ही चव गावातून जाईल. म्हणूनच लविनाने सुकेळीच्या पुडीवर छापायला फोटो मागितला तेव्हा ती नवा झगा घालून, मला मांडीवर घेऊन बसली.

लविनाने चंदनसारच्या नव्या इमारतींखाली सुकेळीचं दुकान थाटलं. 'शोभेला' म्हणून मलाही नेलं, व्हार्निश फासलं आणि भिंतीवर सालोमीच्या फोटोशेजारी टांगलं. माझा तर जीवच गुदमरला.

यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटेना. एका रविवारी सालोमी मिस्सा आटोपून तडक दुकानात आली.

"लविना, चर्चात शेजारची फ्लॉसी म्हनते, यंदा तुजी सुकेळी चामड्यावानी लागतात. मी तर अजून एक केळं सोललं नाय!"

"मावशी, ऑर्डर थांबत नाहीत गं. भट्टीत सुकवलेली मागवली. तुझा वाटा देतेच ना मी?"

"माजं तोंड लावून परक्याची केळी इकलीस?"

"सगळेच करतात. लोकांना फोटो लागतो, मावशी."

सालोमीने भिंतीवरचा फोटो खाली ओढला, मला काखोटीला मारलं आणि वाट्याचं नावही न काढता घर गाठलं.

ऊन पडलं तशी तिने मोठ्या आशेने माझ्यावर राजेळी मांडली. दुपारी व्हार्निश पाघळलं, केळी चिकटली. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकून टाकला. "तुलापन नासवलं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढची केळी तिने जुन्या चटईवर वाळवली. मधाच्या रंगाची, अस्सल. पहिली पुडी घेऊन ती फ्लॉसीकडे गेली आणि तशीच परत आली. पुडी सोडलेलीसुद्धा नव्हती.

"नको म्हनाली," सालोमी माझ्याकडे बघत म्हणाली. "तुजी सुकेळी गेल्या खेपेला खाल्ली, चामडं होतं म्हनाली."

त्या दिवसापासून तिने केळं सोललेलं नाही. मी पडवीत कांदे-लसूण सांभाळतंय. भिंतीवरचा फोटो तिने फाडला, पण दुकानातल्या पुडीवर सालोमी अजून हसते आहे. तिकडे डोंगरात लानआजीचं काय झालं असेल, ते मी मनात आणत नाही.

तुम्ही अशी हसरी पुडी उचलाल तेव्हा एवढं विचारा, ही केळी या बाईनेच सोलली का? दुकानदार हो म्हणेल. मग इथे या, तिच्या चटईवर हात फिरवून बघा. केळ्याचा चिकटा कुठेच नाही, कोरडी आहे.