तोंडी परीक्षेला बसलेली शिलाई मशीन

मित्रांनो, मी पायडलवर चालणारी एक जुनी शिलाई मशीन आहे. कारखान्यात मला काळा चकचकीत रंग दिला, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. पुढे शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी आले आणि वीस वर्षं तिच्या पायाच्या तालावर कपडे शिवत राहिले. टाका बघून बायका म्हणायच्या, "मोत्यांची ओळच जणू."

मग साथ आली. आईची लेक कॉलेजात यंत्रांचं शिक्षण घेत होती. कॉलेजला कुलूप लागलं आणि तिचा वर्ग फोनवर, माझ्याच फळीवर भरू लागला. माझ्या खडखडाटात सरांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून वर्ग संपेपर्यंत मला मुकाट उभं राहावं लागे. खरं सांगते, मी मनातून रुसले होते.

शेवटची तोंडी परीक्षाही फोनवरच झाली. त्यात नापास म्हणजे लेकीचं वर्ष वाया. सरांनी विचारलं, "चाक गोल फिरतं. त्याने एखादी वस्तू वर-खाली कशी हलवाल?"

लेकीने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं.

"पुस्तक राहू द्या. असं यंत्र कधी हाताळलंय?"

"नाही, सर. प्रयोगशाळा बंदच आहे ना."

शेजारी काजं करत बसलेल्या आईला राहवेना. "इंजिनीअरीणबाई, परवा हिची सुई अडकली, तेव्हा झाकण काढून कोण बसलं होतं?"

"कोण बोलतंय?"

"आई आहे, सर."

"आईंना म्हणावं, उत्तरं सांगायची नाहीत." सरांनी बजावलं. "पण सुई कोणाची?"

लेकीने फोन आईच्या हातात दिला आणि माझं बाजूचं झाकण उघडलं. "सर, पायडल दाबलं की खालचं चाक फिरतं. पट्ट्याने वरचं चाक फिरतं. त्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या दांड्याच्या टोकाला ही छोटी भुजा आहे बघा, ती सुईला वर-खाली नेते."

"चालवा बघू."

माझा पट्टा झिजलेला, सांधे कोरडे. मी देवाचं नाव घेतलं. लेकीने पायडलवर पाय ठेवला. मी कुरकुरले, पण फिरले. सुई खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"पास," सर म्हणाले. "आता हिला तेल घाला, किती कुरकुरतेय बिचारी."

आईने फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने लेकीला जवळ ओढलं. ती हसत होती की रडत होती, देव जाणे. लेकीने लगेच कुपी आणली. पहिला थेंब सांध्यात उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं यंत्र कोपऱ्यात धूळ खात असेल. त्याला टाकू नका. मोठ्यांना विचारून त्याचं झाकण उघडा, आत डोकावून बघा. जे सांगायला सरांना तास पुरला नाही, ते एखादे वेळी हे यंत्रच तुम्हाला फिरून दाखवेल.